जंगलात काही न करता

मी पुण्यात नोकरीला असताना आमच्या ऑफिसात एका शुक्रवारी दुपारी 'वनस्नान' या विषयावर ऑनलाइन सत्र झालं. स्क्रीनवर धुक्यातलं सूचिपर्णी जंगल होतं, मागे बासरी होती आणि सत्र घेणाऱ्या बाईंचा मऊ आवाज होता. डोळे मिटा, खांदे सैल सोडा, तुमच्या मनातल्या जंगलात जा. आम्ही चाळीसेक जण होतो. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण माझ्या मनातल्या जंगलाला पत्ता आहे. तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. डोळे मिटल्याबरोबर मला दिसली ती मोठी आई, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची बायको. मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर तेंदूपानांचा भारा घेऊन येणारी, ओठ सुकलेली, चिडलेली.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने आपला अनुभव एका शब्दात चॅटमध्ये लिहायचा होता. 'शांत', 'हलकं', 'हिरवं' असे शब्द भराभर येत होते. मी 'तेंदू' असं टाइप केलं, मग खोडलं आणि 'शांत' लिहिलं.

खोटं नव्हतं ते. मला खरंच बरं वाटलं होतं. त्या दिवसांत मला धड झोप येत नव्हती आणि ती वीस मिनिटं कुणी मला काही मागितलं नव्हतं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी या प्रकारच्या लेखनाबद्दल काही कडक बोलणार आहे. ते बोलताना मी बाहेरून दगड मारत नाहीये. मी त्याची गिऱ्हाईक होते.

जंगलात हळूहळू, लक्ष देऊन वेळ घालवावा, त्याने माणूस बरा होतो, असं सांगणाऱ्या लेखनाचा गेल्या काही वर्षांत ढीग झाला आहे. पुस्तकं, ॲप, रील्स, रिसॉर्टची माहितीपत्रकं. या ढिगातलं बरंच मी वाचलं. नंतर चामोर्शीला घरी आले, तेव्हा जुन्या कपाटातली मराठी पुस्तकंही पुन्हा काढली. दोन्ही ढीग शेजारी ठेवून वाचले की जे दिसतं, ते इथे मांडते.

आधी विज्ञान. 'शिनरिन-योकू' हा शब्द 1982 मध्ये जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी पुढे आणला. शिनरिन म्हणजे जंगल, योकू म्हणजे स्नान. शहरातल्या थकलेल्या जपानी माणसांनी जंगलांकडे यावं, हा उद्देश होता. गंमत अशी की त्याच वर्षी, 26 ऑगस्टला, चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तिकडे सरकार शहरातल्या माणसाला जंगलाकडे बोलावत होतं आणि इकडे जंगलातल्या माणसापर्यंत सरकार पोचावं म्हणून नवा जिल्हा आखला जात होता. चामोर्शी या नव्या जिल्ह्यात आली.

पुढे टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलचे डॉ. चिंग ली यांनी या स्नानाची मोजमापं घेतली. मोठ्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या 12 निरोगी पुरुषांना त्यांनी तीन दिवस, दोन रात्री जंगलात नेलं. रक्तातल्या 'नॅचरल किलर' पेशी, म्हणजे विषाणूबाधित आणि बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, जास्त सक्रिय झालेल्या आढळल्या. शहरातली सहल करून पाहिली तर तसं झालं नाही. हिनोकी नावाच्या जपानी सूचिपर्णी झाडाचं तेल हॉटेलच्या खोलीत रात्रभर दरवळत ठेवलं, तर थोडाबहुत तसाच परिणाम मिळाला. झाडं हवेत सोडतात ती सुगंधी द्रव्यं, फायटनसाइड, यांना त्याचं श्रेय दिलं गेलं.

त्याहून जुना आणि मला जास्त आवडलेला अभ्यास रॉजर उलरिच यांचा आहे. 1984 मध्ये तो 'सायन्स'मध्ये छापून आला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांनी तीव्र वेदनाशामक औषधं कमी घेतली. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळजवळ 20,000 लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला एकूण 120 मिनिटं निसर्गात घालवणारी माणसं आपली तब्येत बरी असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात.

हे सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण या अभ्यासांची मापं लक्षात ठेवावी लागतात. 12 माणसं म्हणजे एका काळीपिवळीत मावतील एवढी माणसं. रक्तातल्या एका पेशीची हालचाल वाढणं आणि आजार न होणं यांच्यात मोठं अंतर आहे. इंग्लंडच्या अभ्यासात तर जी माणसं मुळात बरी आहेत तीच जास्त फिरत असतील, ही शक्यता उरतेच. संशोधक हे स्वतः लिहितात. पुस्तकात येईपर्यंत त्यातलं थोडं गळतं आणि रीलमध्ये येईपर्यंत 'जंगल कर्करोगाशी लढतं' असं वाक्य झालेलं असतं.

आणखी एक साधी गोष्ट. हिनोकी सदाहरित आहे. आमच्या बाजूचा साग उन्हाळ्यात पानं टाकून उभा असतो. पारा 45 च्या आसपास, खाली पापडासारखी मोडणारी पानं, सावली नावाला. तिथे डोळे मिटून खोल श्वास घेतला तर नाकात धूळ जाते. आमचं जंगल बरं करत नाही असं नाही. पण ते कसं बरं करतं, हे जपानच्या थंड जंगलातून उचलून इथे चिकटवता येत नाही.

विज्ञान एवढंच. मला जास्त बोलायचं आहे ते भाषेबद्दल.

वनस्नानाची पुस्तकं बहुतेक आज्ञार्थात लिहिलेली असतात. थांबा. ऐका. स्पर्श करा. फोन घरी ठेवा. सगळी वाक्यं 'तुम्ही'ला उद्देशून. पानामागून पान वाचत गेलं की कळतं, या जंगलात एकच माणूस आहे, वाचक. बाकी सगळं त्याच्याभोवतीची सोय आहे. झाडाला 'झाड' म्हटलेलं असतं, पाखराला 'पाखरू'. झाड कोणतं, त्याला फुलं कधी येतात, त्याच्यावर कोण राहतं, त्याच्यावर कोण जगतं, हे सांगायची गरज लेखकाला भासत नाही, कारण झाडाचं काम तुमचा रक्तदाब उतरवणं एवढंच आहे. 'लक्ष द्या' असं ज्या पुस्तकात शंभरदा म्हटलं आहे, त्या पुस्तकाचं स्वतःचं लक्ष कुठे असतं? वाचकाच्या नाडीवर.

आता दुसरा ढीग. मारुती चितमपल्ली 18 जून 2025 रोजी सोलापुरात गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनखात्यातली तीन दशकांहून जास्त नोकरी, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी जंगलं, आणि 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'चकवाचांदण' अशी पुस्तकं. ते गेल्यावर माझ्या वयाच्या अनेकांनी स्टोरीला त्यांचा फोटो ठेवला. किती जणांनी त्यांना वाचलं होतं ते सोडून देऊ. मीही तेव्हाच पुन्हा वाचायला घेतलं.

चितमपल्लींच्या गद्यात पहिली जाणवते ती नामांची गर्दी. झाडाचं नाव, त्याचं दुसऱ्या बोलीतलं नाव, संस्कृत ग्रंथातलं नाव. बगळ्यांच्या वसाहतीला मराठीत शब्द नव्हता, तर त्यांनी 'सारंगागार' दिला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. पक्षिकोश केला, प्राणिकोश केला, वृक्षकोश केला. हंसदेवाचं संस्कृत 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणलं. हा माणूस जंगलात स्वतःला बरं करायला गेला नव्हता, नोकरीला गेला होता. पण तो तिथे रमला, आणि त्याच्या रमण्याची रीत म्हणजे नाव विचारणं. नाव विचारायचं तर कुणाला तरी विचारावं लागतं. म्हणून त्यांच्या जंगलात माणसं आहेत. गुराखी, ढीवर, पारधी, गावचे पाटील, म्हातारे वनरक्षक. त्यांच्याकडून आपण शिकलो हे ते उघड लिहितात.

हळू जाणं आणि लक्ष देणं म्हणजे काय, याचं इतकं चांगलं उदाहरण मराठीत फार नाही. ते वाचताना वाचकाचाही वेग उतरतो. मी रात्री दोन वाजता फोन बाजूला ठेवून 'रानवाटा' उघडायचे आणि चार पानांत डोळे जड व्हायचे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. झोप आणणारं गद्य लिहिणं कठीण असतं. त्यात कंटाळा नसावा लागतो.

पण चितमपल्लींबद्दलही दोन गोष्टी म्हणाव्या लागतील. एक, डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं यांच्यामधली रेघ ते पुष्कळदा पुसट ठेवतात. दंतकथा आणि निरीक्षण एकाच संथ सुरात येतात. त्याने जंगल अद्भुत होतं, पण ज्याला झाडापाखरांबद्दल खरं काय ते हवं असतं त्याला चकवा लागतो. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. जी माणसं त्यांना शिकवतात, त्या माणसांचं आणि वनखात्याचं पिढ्यानपिढ्यांचं भांडण आहे. लाकडावरून, चराईवरून, मोहावरून. ते भांडण या पुस्तकांत मला फार कमी सापडतं. माणूस ज्ञान देऊन जातो आणि पानाच्या कडेला विरघळतो. 'जंगलाचं देणं' हे नाव किती नेमकं आहे पाहा. मराठीत देणं म्हणजे मिळालेली भेटही आणि फेडायचं कर्जही. पुस्तक पहिल्या अर्थाने श्रीमंत आहे. दुसरा अर्थ शीर्षकात उभा आहे आणि आत कमी येतो.

जंगल म्हणजे शांतता, हा समज मोडायला व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' पुरेसं आहे. वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची लढाई, नव्या म्होरक्याने आधीच्याची पिल्लं मारणं. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे छोटं पुस्तक एखाद्या वनस्नानाच्या शिबिरात वाचायला द्यावं, असं मला फार वाटतं.

आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर या विषयावरचं सगळ्यात जवळचं पुस्तक डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. पुस्तक आहे गडचिरोलीतल्या बायकांच्या झाडांशी असलेल्या मैत्रीचं. कोणत्या झाडाचं काय खातात, कशाचं औषध करतात, कशाच्या आसपास कोणता समज आहे, हे बायकांनी सांगितलेलं आणि एका डॉक्टरने ऐकून लिहून ठेवलेलं.

'गोईण'कडे मी आरोग्याचं पुस्तक म्हणून पाहते, आणि त्याला कारण आहे. याच डॉक्टरने गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी करून 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं होतं की 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे. ही संख्या आणि 'गोईण' एकत्र वाचायला हवेत. या बायका जंगलाच्या कडेला राहत होत्या. वनस्नानाचा हिशेब लावला तर आठवड्याला 120 मिनिटं त्या पहिल्याच सकाळी पूर्ण करत होत्या. तरी त्या आजारी होत्या, कारण दवाखाना नव्हता, तपासणारं कुणी नव्हतं, बोलायची सोय नव्हती. झाडाशी मैत्री असून हे असं. म्हणजे मैत्री खोटी ठरत नाही. पण मैत्रीने डॉक्टरचं काम भागत नाही, हेही तितकंच खरं. राणी बंग या दोन्ही गोष्टी जाणून लिहितात, म्हणून 'गोईण'मधलं झाड गुळगुळीत होत नाही.

इथे कुणी म्हणेल, तू अन्याय करतेस. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर औषध बनवणाऱ्या कामगारांची हकिकत नसते. मन शांत करायला लिहिलेल्या पुस्तकाकडून दवाखान्याची आणि हक्कांची अपेक्षा कशाला? आक्षेप बरोबर आहे, पुस्तकाने स्वतःला औषधाची बाटली म्हटलं असतं तर. पण ही पुस्तकं 'जंगलाशी तुटलेलं नातं पुन्हा जोडा' असं सांगतात. नात्याचं नाव घेतलं की देण्याघेण्याचा प्रश्न येतोच. आपण काय घेतलं ते पानोपानी सांगायचं आणि काय देणं लागतो ते विचारायचंच नाही, याला आमच्याकडे नातं म्हणत नाहीत.

हा दुसरा प्रश्न विचारणारं एक गाव आमच्या जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा, कागदावर मेंढा (लेखा). 2006 च्या वनहक्क कायद्याने, आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य करून, गावांना आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मागण्याची वाट दिली. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर तो हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होतं. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना कुणी द्यायचा, यावर अडलं होतं. 2011 मध्ये तेही ग्रामसभेच्या हातात आलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तुम्ही कुठेतरी वाचली असेल. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक ही हकिकत नीट सांगतं.

मला या हकिकतीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते ती त्यांची सवड. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचंही मन नसेल तर पुन्हा बसायचं. त्याआधी अभ्यास गट बसतो. विषय समजून घ्यायचा, माहिती गोळा करायची, बोलायचं, पुन्हा बोलायचं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी कायमची जोडलेली आहेत. मोहनभाऊ 2025 च्या जानेवारीत गेले. पोळं जाळून, माश्या मारून मध काढायची रीत सोडावी, फळासाठी फांदी तोडू नये, असे नियम एका गावाने एकमताने ठरवायचे तर किती बैठका लागत असतील याचा अंदाज करा. जंगलात हळू, लक्ष देऊन घालवलेला वेळ असाही असतो. त्याचा फोटो चांगला येत नाही. सतरंजीवर बसलेली माणसं, एक वही, वर पंखा.

असं सगळं वाचून माझी खात्री झाली होती की मला विषय कळला. मग मोठ्या आईने त्यात भर घातली.

ती दोन वर्षं जंगलात गेली नव्हती. कारण वाघ. गडचिरोलीत काही वर्षांपूर्वीपर्यंत वाघ क्वचित दिसायचा. आता तो ताडोबा आणि ब्रह्मपुरीकडून पसरत आला आहे. वडसा परिसरात 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जेरबंद केलेल्या वाघाच्या नावावर तीन जिल्ह्यांतली 13 माणसं होती. 2025 च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आमच्या बाजूला खुणा दिसल्याचं गावात बोललं जाऊ लागलं आणि मोठी आई घरी बसली. तेंदूचे पैसे गेले, ते दिसलं. 70 पानांचं एक पुडकं, अशी पुडकी बांधून फळीवर नेऊन मोजून द्यायची, हंगाम पंधरा दिवसांचा, पण त्या पैशांत पावसाळ्याची सोय व्हायची. जे दिसलं नाही ते हळूहळू आलं. तिची साखर वाढली. गुडघे धरले. चिडचिड वाढली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ती डांबरी रस्त्याने पाचशे पावलं जायची आणि परत यायची. एकदा म्हणाली, "रस्त्यावर कोनाशी बोलाचं?"

मी वाचलेल्या अभ्यासांत जंगलात नेल्यावर काय होतं ते मोजलेलं आहे. ज्याचं जंगल बंद झालं त्याचं काय होतं, हे मोजलेलं मला कुठे दिसलं नाही. तिच्याकडे पाहून मला पहिल्यांदा वाटलं की चिंग ली जे म्हणतात ते खरं असावं. जंगल तिला खरंच बरं ठेवत होतं. फक्त त्यातला किती भाग झाडांच्या सुगंधाचा, किती चालण्याचा, किती बरोबरच्या बायकांच्या गप्पांचा आणि किती स्वतःच्या कमाईचा, हे कुणाला वेगळं करता येणार नाही.

मी तिला वनस्नानाबद्दल सांगून पाहिलं. काही करायचं नाही, नुसतं जंगलात जायचं, हळू चालायचं, झाडाजवळ उभं राहायचं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काम नसन त जंगलात कायले जाचं वो माय?" तिला चेष्टा करायची नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंदा मोहाच्या दिवसांत शेजारच्या बायकांनी ठरवलं की एकटीदुकटीने जायचं नाही. पाच-सहा जणी मिळून जायचं, उजाडल्याशिवाय निघायचं नाही, नाल्यापलीकडे जायचं नाही. मोठी आई तयार झाली. मी बरोबर गेले.

पहिली गोष्ट कळली ती आवाजाची. वनस्नानात शांतता पाळतात. इथे बायका मुद्दाम मोठ्याने बोलत होत्या, टोपलीवर काठी वाजवत होत्या, आपण आहोत हे जनावराला आधीच कळावं म्हणून. आणि त्या आवाजातही त्यांचे कान उघडे होते. लांब कुठेतरी वानर ओरडलं तशा सहाही जणी एका क्षणात गप्प झाल्या. पुन्हा ओरडलं नाही. मग एकीने सुनेची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे चालू केली. 'वर्तमान क्षणात असणं' या विषयावर मी जेवढं वाचलं आहे त्यापेक्षा जास्त त्या अर्ध्या मिनिटात कळलं. पण त्याची किंमतही कळली. ते लक्ष भीतीचं होतं, आणि रोज इतकं लक्ष देऊन जगायला लागू नये, असंच मला वाटलं. कुणाच्या भीतीला ध्यान म्हणून मिरवणं हाही एक प्रकारचा वनस्नानवाद्यांचाच उद्योग आहे. माझ्यासारख्या, गावी परत आलेल्या लोकांना त्याचा मोह फार होतो.

मोह वेचणं दिसायला सुंदर असतं. करायला कंबरमोड असते. वाकून, एकेक फूल, जमीन उन्हाने तापायच्या आत. मी पाऊण तासात दमले. माझी टोपली बघून सगळ्या हसल्या. मोठ्या आईची भरली होती.

टोपली भरल्यावर तिने ती सावलीत ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि मोहाच्या बुंध्याला पाठ टेकून पाय लांब करून बसली. डोळे मिटले. काही बोलली नाही. दहा मिनिटं तरी गेली असतील. वरून एखादं उशिरा सुटलेलं फूल टप् करून पडायचं, ते तिने उचललं नाही.

मी विचारलं, "काय करतेस?"

"काई नाई," ती म्हणाली. "काम झालं ना. आता बसाचं."

मग मीही बसले. बाकीच्या दोघी-तिघी आल्या, त्याही बसल्या. कुणीतरी पाण्याची बाटली फिरवली. थोड्या वेळाने मोठी आई गुडघ्यावर हात देऊन उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चाला, ऊन तापलं."